लिंबावरचं धाकटं

इंदापूर, ता. ३ ऑगस्ट १९५६

चि. मुक्तास आजीचे अनेक आशीर्वाद.

हितं समदी खुशाल. तुझ्या बापानं स्थळ आणलंय. पोर मोठी झाली, शाळा पुरं, कार्तिकात उरकू, असं रामहरी म्हणतो. मलाबी पटलंय. रडगाणं लिहू नको, शाई वाया जाती.

परसातल्या कागदी लिंबावर दोन फुलपाखरं येत्यात. एक तळहाताएवढं, एक त्याच्या निम्मं. ते पोर असंल म्हणून बशीत गुळाचं पाणी ठेवते. वाढंल हळूहळू.

लोभ हाय म्हणूनच बोलते.

धोंडाबाई

बारामती, ता. ९ ऑगस्ट १९५६

ती. आजीस मुक्ताचा शि. सा. न.

गूळ वाचव. ते पोर नव्हे, मोठंच झालेलं आहे. पंख फुटल्यावर फुलपाखरू तसूभरही वाढत नाही, वाढायचं ते अळीपणीच, असं शास्त्राच्या बाई सांगतात. कोवळी अळी उपाशी ठेवली तर ती वाट बघत राहते, नाहीतर मरते. पण एकदा ठरावीक वजनाला पोचली की पाला मिळो न मिळो, ती थांबत नाही. आहे तेवढ्या अंगावरच कोश करते. तू नाक मुरडशीलच, तेव्हा करून बघ.

स्थळाचं लिहीत नाही, शाई वाचवते. मॅट्रिकला दोन वर्षं आहेत, एवढंच.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

मुक्ता

इंदापूर, ता. ६ सप्टेंबर १९५६

चि. मुक्तास आशीर्वाद.

तुझ्या बाईला खोटं पाडायला बसले. दोन सारख्या जाड अळ्या दोन मडक्यांत घातल्या, तोंडाला फडकं. एकीला पाला, दुसरीला नुसती काडी. वाटलं, मरंल. तर तिनंच आधी कमरेला धागा बांधला न् काडीला टेकून कोश केला.

मुक्ते, ते बाहेर आलं तवा मी मिसरी लावायची इसरले. केवढुसं! पण एक ठिपका कमी न्हाय, एक पाय कमी न्हाय. कापड कमी पडलं तर शिंपी बाही तोकडी करतो. हितं कुणी बेतलं गं? जलमभर त्या झाडाखाली अळ्या चिरडल्या, न् आत हे चाललं व्हतं.

दुसरं निघालं तवा रामहरीला बोलावून दोन्ही दावली. दोन्ही मोठी झालीत, पण पाला तोडला ते आता एवढंच ऱ्हाणार म्हणलं. तो म्हणाला, फुलपाखराचं पोरीला कशाला लावतीस, तुझं न्हाय का बाराव्या वर्षी लगीन झालं, काय बिघडलं? धाकटं तळहातावर घेऊन त्याच्या म्होरं उभी ऱ्हायले. मी त्याच्या खांद्यालाबी पोचत न्हाय, तुला ठाऊकच हाय. लई येळ तो एकदा माझ्याकडं न् एकदा फुलपाखराकडं बघत ऱ्हायला.

स्थळाला त्यानंच नकार धाडला. तू पाला सोडू नको.

आशीर्वाद हायतच. आळस केलास तर परत घीन.

धोंडाबाई