बाजारची पिशवी

बारामती, रविवार, संध्याकाळ

दमले. आज मनाच्या आजारांच्या तपासणीला एकच जण आला, तोही गुडघा दाखवायला. गुरुवारी बाजाराची गर्दी असते, म्हणून महिला बचत गट, दूध संस्था आणि आम्ही दवाखान्यातले मिळून तपासणी या वेळी गुरुवारऐवजी रविवारी घेतली. सुचवलं मीच.

तपासणी आटोपून कोऱ्हाळ्यात शकूमावशींकडे गेले. तीन महिने गुरुवारच्या तपासणीला न चुकता यायच्या. "आज का आला नाहीत?" विचारलं, तर त्यांनी आधी दार लोटलं.

"बाजाराला जाते म्हटलं की घरात कुणी इचारत न्हाय. आयतवारी पिशवी घिऊन कुठं जाऊ, तूच सांग की!"

त्या पिशवीतूनच गोळ्या घरी यायच्या, भाजीखाली. कालपासून संपल्यात. रात्रभर झोप नाही.

ज्याच्यासाठी करायचं त्याला आधी विचारावं, हे आईने घरातच शिकवलेलं. आम्ही एकमेकांना विचारत बसलो. मीसुद्धा. तपासणी परत गुरुवारी घ्या, हे उद्या सगळ्यांना सांगायचं. ऐकतील?

डॉक्टरांशी मावशींच्या घरूनच फोनवर बोलले. "सकाळी गोळ्या आणून देते," मावशींना म्हटलं.

"ये पोरी. पण पिशवीतनं आण. आन् वर मेथीची जुडी ठिव."