कपाटाबाहेरचे आठ ई-रीडर

३ जुलै

चि. छोटीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

शाळेत असताना आपण दोघी काचेच्या कपाटापुढे उभ्या राहून आतल्या पुस्तकांची नावं वाचायचो, आठवतं? किल्ली सिस्टरांकडे, म्हणून गोष्टी आपणच मनाने रचायच्या. तुझ्या गोष्टीत शेवटी सगळे बुडून मरायचे.

आता माझ्या ग्रंथालयात मुली तशाच उभ्या राहतात. तुमच्या शाळा व्यवस्थापन मंडळाने पाठवलेले आठ ई-रीडर मुख्याध्यापकांनी कुलपात ठेवलेत, पाहुणे आले की दाखवायला. पडद्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढू देत नाहीत. ओरखडे पडतील म्हणे.

किल्ली माझ्याकडेच असते. परवा मी एक काढून सुतारकाकांच्या नातीला दिला. पोरीची नजर इतकी अधू की पुस्तक नाकाला टेकवून वाचते आणि दोन पानांत डोकं धरून बसते. मी अक्षरं अंगठ्याएवढी केली. घंटा झाली तरी बाईसाहेब उठेनात! मग म्हणाली, बत्तीस पानं झाली, आजोबांना वाचून दाखवायला घरी नेऊ का? मी म्हटलं, ने. आणि उरलेल्या सातांचंही प्लास्टिक सोलून टाकलं. फार दिवसांत इतकं समाधान मिळालं नव्हतं.

गुडघा बरा आहे म्हणतेस, मग जिना का टाळतेस? खरं काय ते कळव.

तुझी,
ताई

९ जुलै

ती. ताईस सा. न.

गुडघ्याचं राहू दे. मुख्याध्यापकांची तक्रार माझ्या टेबलावर आहे. सात ई-रीडर घरोघरी गेलेत, आठवा तुझ्यापाशी! निवृत्तीनंतर तुला ठेवून घ्यावं म्हणून मी मंडळात किती जणांशी भांडले. आता तेच मला ऐकवतात, अध्यक्षबाई, बहिणीला आवरा.

शुक्रवारपर्यंत सगळे कपाटात ठेव. नाहीतर तुला कामावरून कमी करायच्या कागदावर मला सही करावी लागेल. मी रागावले नाही ग, घाबरले आहे. ग्रंथालयाशिवाय तू दिवसभर काय करशील?

रागाव हवं तर, पण माया पातळ करू नकोस.

तुझीच,
छोटी

१२ जुलै

चि. छोटीस आशीर्वाद.

सही कर. हात थरथरू देऊ नकोस, तुझं अक्षर आधीच दिव्य आहे.

ग्रंथालय सुटणार म्हणून काल रडले, खोटं कशाला बोलू? पण त्या पोरीची गोष्ट अर्ध्यावर आली आहे. तिच्या हातातून ती काढून घ्यायचं काम माझ्या हातून होणार नाही. मुख्याध्यापकांना तोंडावर सांगितलं, वाचलेल्या वस्तूला ओरखडे पडतातच, पडू देत. ते खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले.

तुझ्यावरचा लोभ मंडळाच्या ठरावाने कमी व्हायचा नाही. जिना जपून चढ.

तुझी हट्टी,
ताई

ता. क. माझ्यामागे गोंधळ नको. तुझ्या सहीखाली हेही लिहून घे: पहिला ई-रीडर सुतारकाकांच्या नातीकडेच राहील, ती शाळा सोडेपर्यंत. दुसरा आणि तिसरा जुळ्यांना. दोघींत एक दिला तर झिंज्या धरतात. चौथा पाय मोडून घरी पडलेल्या सातवीतल्या मुलीला. पुढचे तीन आठवीच्या वर्गात आळीपाळीने, यादी मुलींनीच केली आहे. कपाटाची किल्ली शिपाईमामांना द्यावी, आत झाडू ठेवायला. आठवा मुख्याध्यापकांना, चौदा दिवसांसाठी. वाचला नाही, तर काढून घ्यावा आणि रांगेतल्या पुढच्या मुलीला द्यावा.