सोफ्याच्या दोन उशा

अहो,

सोफ्यावरच्या दोन उशा शोधत बसू नका, मी नेल्यात. फोडणीचा भात झाकून ठेवलाय. बीपीची गोळी घ्या, नुसतं ‘घेतली’ म्हणू नका.

अभिरामची गाडी टेम्पोवर चढवून लोणावळ्याजवळच्या धावपट्टीवर चाललेय. आज ड्रॅग रेस आहे, सरळ पट्टीवर दोन-दोन गाड्यांची शर्यत. तुम्ही त्या गाडीचा विषयच काढू देत नाही, म्हणून बोलले नाही. गेले सात महिने भजनाला जाते सांगून मी नावड्याच्या गॅरेजमध्ये जात होते. आपल्या लेकानं अर्धवट सोडलेलं इंजिन मी व्हिडिओ बघून बघून बसवलं. मागची सीट, काचा, एसी त्यानंच काढले होते, गाडी हलकी व्हावी म्हणून. आता आपली जुनी झेन अशी काही ओरडते की तुम्ही ओळखणार नाही.

एकच अडचण आहे. ड्रायव्हरची सीट त्यानं स्वतःच्या मापानं वेल्ड करून टाकलीय. माझे पाय क्लचपर्यंत पोचत नाहीत. मेकॅनिक म्हणाला, “काकी, कापून पुढे घेऊ, दहा मिनिटांचं काम.” मी हात लावू दिला नाही. पाठीमागे उशा लावून चालवते, पण तपासणीवाले ते चालवून घेतील असं वाटत नाही.

त्याला डेंग्यूनं नेलं हो, गाडीनं नाही. तिच्यावर किती रुसायचं?

तपासणी दोनला आहे. फॉर्मवर चालकाचं नाव अजून लिहिलेलं नाही. तुमचे पाय त्याच्याएवढेच लांब आहेत.

सुचित्रा