मार्था आणि मरीया यांची वाटणी

मी, वय एकाहत्तर, अविवाहित, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. उद्या सकाळी माझे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे. नाही असे फक्त आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, आणि त्यांचे मत मी विचारलेले नाही.

१. दोन्ही शिलाई मशिनी, कात्र्या व कापडाचे कपाट शिवणवर्गाला द्यावे. मोठी कात्री कागदाला लावाल तर खबरदार.

२. इस्त्री पाळकसाहेबांना. मार्था आणि मरीया या बहिणींची गोष्ट ते दरवर्षी सांगतात: प्रभू घरी आला, मार्था राबत राहिली, मरीया पायाशी बसून ऐकत राहिली, आणि शाबासकी मरीयेला मिळाली. सांगताना बघतात माझ्याकडे. अंगातल्या झग्याला इस्त्री मात्र मीच केलेली असते. यापुढे त्यांनी स्वतः करावी.

३. पवित्र शास्त्राची माझी प्रत, समासातल्या टिपणांसह, माझ्याबरोबर पुरावी. चाळीस वर्षे मशीन चालवताना ती गोष्ट मी मनात घोळवली. ते घर म्हणजे एकच मन, आणि दोघी बहिणी त्याच मनात राहतात. हात राबत असताना आतली ऐकत बसू शकते. हे कळले त्या दिवशी मी शिवता शिवता रडले, इतके बरे वाटले. राबणारी म्हणून स्वतःला कमी लेखायचे मी सोडले. चर्चच्या अभ्यासवर्गात हे सांगितले, तर माझी धाकटी बहीण सर्वांसमोर म्हणाली, "ताई, तू आपली शिवण बघ. शास्त्रातलं तुला काय कळतंय?" पाळकसाहेब हसले. पुढच्या आठवड्यात माझे नाव वर्गातून कमी झाले. त्याला अकरा वर्षे झाली. तेव्हापासून एका घरात राहून आम्ही बहिणी बोललेलो नाही.

४. घर धाकटीला. अट अशी की वर्षभर रोज तिने झाडावे, स्वयंपाक स्वतः करावा, आणि त्या वेळात प्रार्थनासभा भरवू नये. आयत्या बिळावर नागोबा होऊन पुष्कळ झाले. कोणाचा वाटा रद्द झाल्यास तो शिवणवर्गाला जावा.

५. माझ्या आतल्या दोघी एक झाल्या, हे खरे आहे. बाहेरच्या धाकटीला मी माफ केलेले नाही, हेही खरे आहे. पाळकसाहेबांना यावर उपदेश करायचा असेल तर मला पुरल्यावर करावा.

६. पुरवणी. साक्षीदार दोन लागतात. एक वकीलबाई आल्या, दुसरा म्हणून बोलावलेला शेजारी ऐन वेळी आला नाही, आणि मला तासाभरात दवाखान्यात पोचायचे आहे. धाकटी माझी पिशवी भरून दारात उभी होती. वकीलबाईंनी तिला बजावले, "साक्षीदार म्हणून सही केलीत, तर घर तुम्हाला मिळणार नाही."

तिने वरचे सगळे वाचले. नागोबासुद्धा वाचला. मग विचारले, "सही कुठे करू?"

मी म्हणाले, "वेड लागलंय का तुला? राहशील कुठे?"

"तू धड परत ये, ताई. मग बघू."

लिहून देणार: थोरली बहीण (सही)
साक्षीदार: १. वकीलबाई (सही)
२. धाकटी बहीण (सही)
ठिकाण: शिवणाची खोली
दिनांक: १४, मंगळवार, दुपारी चार