डबल बेल न घेता वडिलांना उचलल्याबद्दल निलंबित मुलाचा अर्ज

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक,
एसटी आगार, निलंगा.

विषय: वडिलांनी निलंबित केलेल्या मुलास घरी कामावर परत घेण्याचा आदेश मिळणेबाबत.
संदर्भ: वडिलांचा तोंडी हुकूम, मागचा सोमवार, अंघोळीपूर्वी.

महोदय,

सविनय सादर की, अर्जदार रुद्रेश याचे वडील रेवणप्पा आपल्याच आगारातून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, अंगातली ड्युटी काही गेली नाही. पलंगावर त्यांनी घंटीचा दोर बांधून घेतला आहे. डाव्या हाताने ते डबल बेल देतात, तेव्हाच त्यांना उचलून खुर्चीत बसवायचे. सिंगल बेल आली की असाल तिथे थांबायचे, मग ते अर्धवट हवेत का असेनात. अर्जदाराची पत्नी स्वप्नाली हिला बढती मिळून ती वाहतूक नियंत्रक झाली आहे. कोणत्या भाकरीनंतर कोणती गोळी सुटणार, हे ती स्वयंपाकघरातून पुकारते.

सोमवारी दूध उतू चालले होते. त्या घाईत अर्जदाराने बेलची वाट न बघता वडिलांना उचलले. झालं! "बेल न्हाई अन् गाडी हलवलास? चल, घरी जा!" अर्जदार घरीच होता. आता बोला!

तेव्हापासून ते अर्जदाराला हात लावू देत नाहीत. आई गुरम्मा व स्वप्नाली मिळून त्यांना उचलत. परवा मध्येच सिंगल बेल आली, कारण वडिलांना खिडकीतून लातूर गाडी बघायची होती. दोघी वजन तोलत तशाच उभ्या. आईला हसू आवरेना, अन् हसता हसता कंबरेत उसण भरली. आता तीही आडवी आहे, आणि स्वप्नालीला एकटीला वडील उचलवत नाहीत. पडून पडून त्यांची पाठ लाल झाली आहे. बसवले नाही तर जखमा होतील, असे डॉक्टर म्हणतात. अर्जदाराचा जीव थाऱ्यावर नाही.

वडिलांचे डोके फिरले आहे की ते मजा करत आहेत, याबाबत डॉक्टर व आई यांच्यात मतभेद आहेत. अर्जदाराने पाय धरले. "मला अधिकार न्हाई, आगारातून कागद आण," म्हणाले.

तरी "रुद्रेश यास कामावर घ्यावे" एवढी एक ओळ द्यावी. गोल शिक्का अवश्य मारावा, साध्या सहीला ते दाद देणार नाहीत. अर्ज वरिष्ठांमार्फतच जावा असा त्यांचा हट्ट असल्याने त्यांचा शेरा खाली आहे. अर्जदाराला खोलीबाहेर काढून त्यांनी तो डाव्या हाताने लिहिला.

आपला निलंबित,
रुद्रेश रेवणप्पा बिराजदार
निलंगा, दि. १२ जून २०२५

शेरा: शिफारस. कर्मचारी घाई लई करतो. पण यानं उचललं की दुखत न्हाई. लवकर घ्या. डबल बेल दिली हाय.
— रेवणप्पा, कंडक्टर