बाबांचं पान

७ एप्रिल
आज क्लासमध्ये भांडण मिटवायचं इंग्रजी! 'आय सी युवर पॉइंट.' 'नो हार्ड फीलिंग्ज.' नंदिनी मॅडम म्हणाल्या, घरी कोणावर तरी वापरून या. साठीला आलेल्या बाईला गृहपाठ! सीताबर्डीहून मेट्रोत बसले तरी ओठ हलतच होते. समोरची मुलगी उठून दुसरीकडे जाऊन बसली.

९ एप्रिल
ओट्याशी 'नो हार्ड फीलिंग्ज' घोकत होते, तर आमचे श्रीधरराव आंघोळीला जाता जाता — "काय वं, कोणाशी भांडून राहिली?" म्हटलं, भांडत नाही, मिटवून राहिले. तुम्ही सुमंतभावजींशी कधी मिटवता? न्हाणीचं दार धाडकन लागलं.

११ एप्रिल
लाल घागर आणली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आलीच की! पितरांच्या नावानं घागर भरून पान वाढायचा दिवस. सासरे गेल्यावर पहिल्याच आखाजीला हे दोघे भाऊ भांडले. ह्यांचं म्हणणं, मी थोरला, बाबांचं पान माझ्या घरी वाढायचं. भावजी म्हणाले, बाबा शेवटपर्यंत हुडकेश्वरला माझ्याकडे होते, ते तिथंच जेवतील. तेव्हापासून अबोला. आणि बाबांची दोन घरी दोन पानं! ज्या माणसानं ह्या दोघांना एका ताटात जेवू घातलं, त्याची ही वाटणी. मला फार वाईट वाटतं.

१३ एप्रिल
केला धीर! भावजींना फोन लावला. "आय सी युवर पॉइंट."  मग — "वहिनी, हे मले आजपर्यंत कोणीच नाही म्हटलं."  मराठीत माझ्या तोंडून निघालंच नसतं. नवऱ्याच्या विरोधात गेल्यासारखं वाटलं असतं. देव भलं करो त्या नंदिनी मॅडमचं!

१६ एप्रिल
हे दाढी करताना आरशाशी पुटपुटत होते — "नो हार्ड फीलिंग्ज." मी कुकर लावायला पळाले. हसू आवरेना.

१९ एप्रिल, आखाजी
हे सकाळीच घागर मांडीवर घेऊन ऑटोत बसले. "हुडकेश्वर," म्हणाले. मी मागोमाग चढले.
बाबांचं पान वाढून झालं होतं. हे उंबऱ्यावरूनच — "नो हार्ड फीलिंग्ज, सुमंत."
भावजींनी पानाकडे बोट दाखवलं. "दादा, मराठीत बोल ना गा. बाबाले इंग्रजी कुठं समजते?"
ह्यांनी घागर पानाशेजारी ठेवली. बसले. "बाबा, माझं चुकलं."