लाल तोंडाचा अध्यक्ष

ति. नूतनबाईस,

श्रावणचा सविनय जयभीम. तुझे गुडघे बरे असतील आणि भाऊजींचा खोकला थांबला असेल, अशी आशा करतो. इकडे सर्व ठीक. (माझं तोंड सोडून. त्याचंच लिहून राह्यलो.)

तुले माहीत आहे, गावच्या दारूबंदी समितीचा मी अध्यक्ष. या उन्हाळ्यात माझं नाक न् गाल लाल झाले, मग त्यावर बारीक पुळ्या आल्या. गरम चहा घेतला की चेहरा असा पेटायचा, की समोरचा माणूस आधी माझ्याकडं पाहे, मग हातातल्या कपाकडं. मले वाटलं, धानाच्या बांधीत ऊन लागलं. म्हणून मेडिकलातून गोरं व्हायची ट्यूब आणली (डॉक्टरले विचारायची लाज वाटली). मग काही दिवस मी असा उजळलो की रिना म्हणे, "काऊन जी, दुसरं लगन करता का?" ट्यूब संपली न् चेहरा पहिल्यापेक्षा दुप्पट उसळला.

त्याच हप्त्यात समितीची सभा. मी व्यसनाचे दुष्परिणाम सांगून राह्यलो, तर अंजनाबाई, आमच्या समितीतली सगळ्यात कडक बाई, नेहमीसारखा तोंडावर पदर ओढून उठून उभी झाली. "अध्यक्षभाऊ, फूक मारा." भर सभेत, बाई! मी मारली. वास कांद्याचा आला. तरी ती म्हणाली, "वास लपते भाऊ, थोबाड नाई लपत." त्यानंतर मी बाहेर पडणंच सोडलं. म्हशीलेही तोंडाले दुपट्टा बांधून पाणी पाजलं.

शेवटी ब्रह्मपुरीच्या चामडीच्या डॉक्टरीणबाईकडं गेलो. ती म्हणाली, याले रोझेशिया म्हणतात, थेंब न पिणाऱ्यालेही होते. आधीची ट्यूब स्टेरॉइडची होती, तिनंच आगीत तेल ओतलं. आता रोज आयव्हरमेक्टिनचं मलम मटाराएवढं, दिवसा उन्हाची क्रीम, तिखट न् उकळता चहा बंद, आणि महिना-दोन महिने धीर. मी खुशीत घरी आलो. रिनानं ट्यूबवरचं नाव वाचलं न् साऱ्या मोहल्ल्याले ऐकू जाईल असं ओरडली, "अजी, हे त गोचिडाची दवाई! आपल्या बैलाले याचंच इंजेक्शन देते!" आता गावात मले कोणी दारुड्या म्हणत नाई. गोचीड म्हणतात.

पण गुण येऊन राह्यला. पुळ्या बसल्या, लाली थोडी आहे.

तुझा लहान भाऊ,
श्रावण

ता.क. खरं काम राहूनच गेलं. परवा अंजनाबाई मागच्या दारानं आली. तोंडावरचा पदर काढला, तर तशाच पुळ्या, तशीच लाली. कित्येक वर्षांपासून आहे म्हणे. "मलेही कोणी फूक मारायले लावन, या भेवानं मीच पहिले दुसऱ्यावर ओरडून राह्यली, भाऊ," म्हणाली न् रडली. मले आधी हसू आलं, बाई. त्या हसण्याची लाज सभेतल्या लाजेपेक्षा जड आहे. माझीच ट्यूब देत होतो, पण डॉक्टरीणबाईनं आपलं औषध दुसऱ्याले देऊ नका म्हणून बजावलं आहे.

पुन्हा ता.क. तू दवाखान्यातली सिस्टर आहेस, तुझं ती ऐकन. एक दिवस ये न् तिले ब्रह्मपुरीले घेऊन जा. मीच नेलं असतं. पण आपल्या गडचिरोलीत दारूबंदी न् वैनगंगेपार, ब्रह्मपुरीकडं, दारूची दुकानं उघडी. आम्ही दोघं लाल तोंडानं एकाच जीपमधून पलीकडून येताना दिसलो, त गावात समिती उरणार नाई.